मार्चची वाट बघू नका ताई, आपली बाग थंडीतच होते

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय, लांब होतं, थोडं कमी करून देते.

"दोन वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीतून आम्ही मुलुंडला अकराव्या मजल्यावर राहायला आलो. बाल्कनी नऊ फूट बाय चार फूट, तोंड दक्षिणेला. मागच्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर हौसेने बियांची पाकिटं आणून सगळं एकदम पेरलं. कोथिंबीर उगवलीच नाही, मेथी कबुतरांनी उपटली, टोमॅटोचं झाड छातीएवढं झालं, फुलं आली आणि सगळी गळून गेली. शिवाय पाणी गळतं म्हणून खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार. ह्या वर्षी सून म्हणते, आई, नेटवर सगळीकडे लिहिलंय की थंडीत बाग झाकून ठेवायची, फक्त प्लॅनिंग करायचं आणि मार्चमध्ये पेरायचं. थांबू का मार्चपर्यंत? नातू सात वर्षांचा आहे, त्याला मातीतून काहीतरी येताना दाखवायचंय. खर्च दोन हजारात बसवायचाय. आणि चाळीतून आणलेली तुळस वाळत चाललीय, तिचं काय करू?"

ताई, आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. थांबू नका. ह्याच आठवड्यात सुरू करा. आज नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आहे म्हणजे अजून हातात बरोबर तीन महिने आहेत आणि मुंबईत भाजी लावायला वर्षातले हेच सगळ्यात चांगले तीन महिने.

सुनेने वाचलंय ते खोटं नाहीये, फक्त ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही. जिथे बर्फ पडतो, जमीन गोठते, तिथे लोक थंडीत बियांचे कॅटलॉग घेऊन बसतात आणि बर्फ वितळला की पेरतात. आपल्याकडे रात्री पारा सतरा-अठरावर आला तरी आपण स्वेटर काढतो आणि दुपारी परत तीस-बत्तीस असतंच. झाडांना झाकायची गरजच नाही. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, हरभरा, वाल ही सगळी आपल्याकडे रब्बीचीच पिकं, शेतकरी काय मार्चला पेरतो का ही? मार्चमध्ये तर त्याची काढणी चालू असते. मार्चला पेरलेली कोथिंबीर मुंबईच्या उकाड्यात वीतभर पण होत नाही, आधीच फुलावर जाते.

आणि तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती म्हणजे दक्षिणेची बाल्कनी. मुंबईत डिसेंबरमध्ये भर दुपारी पण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आकाशात साधारण अर्ध्यावरच, 47-48 अंशांवर. त्यामुळे ऊन तुमच्या वरच्या स्लॅबच्या खालून आत शिरतं, चार फुटांची बाल्कनी ओलांडून हॉलमधल्या लादीवर येतं. आता हाच सूर्य पुढे रोज थोडा थोडा वर चढत जातो. फेब्रुवारी संपता संपता ऊन जेमतेम बाल्कनीपुरतं उरतं, एप्रिलला कठड्यापासची दीड-दोन फुटांची पट्टी राहते, आणि 15-16 मेला तर मुंबईत दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी तो उत्तरेलाच असतो. म्हणजे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत भर उन्हाळ्यात ऊन जवळजवळ येतच नाही. तुमची बाग ही जात्याच थंडीची बाग आहे ताई. मार्चपर्यंत थांबलात तर हवा पण जाईल आणि ऊन पण जाईल.

म्हणून प्लॅनिंग म्हणजे काय लावायचं ह्याची यादी नाही, प्लॅनिंग म्हणजे ऊन कुठे आणि किती वेळ ते बघणं. येत्या रविवारी नातवाला हाताशी घ्या, खडू द्या, आणि सकाळी 8, 10, 12, 2 आणि 4 वाजता बाल्कनीच्या लादीवर जिथपर्यंत ऊन आलंय तिथे रेघ मारायला सांगा, कडेला वेळ लिहायची. त्याला मजा येईल आणि तुम्हाला नकाशा मिळेल. समोर टॉवर असेल तर ह्या दिवसात त्याची सावली लांब पडते, दोन तास मध्येच ऊन गायब होऊ शकतं, ते पण कळेल. जिथे सहा तास ऊन तिथे टोमॅटो-मिरची, जिथे तीन-चार तास तिथे पालेभाजी, आणि त्याहून कमी असेल तिथे पुदिना, पानओवा असलं काहीतरी. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आता मागच्या वर्षी काय चुकलं ते बघू कारण चूक तुमच्या हाताची नव्हती, तारखांची होती.

टोमॅटोचं बी डिसेंबरच्या मध्यावर पेरलं, रोप लावण्याजोगं व्हायला महिना, मग झाड वाढून फुलावर यायला अजून महिना-सव्वा महिना, म्हणजे फुलं आली फेब्रुवारी संपताना किंवा मार्चला, बरोबर ना? टोमॅटोच्या फुलाला फळ धरायला रात्र गार लागते. रात्रीचा पारा बावीस-तेवीसच्या वर राहायला लागला आणि दिवसा तेहतीस-चौतीस झालं की परागकण नीट काम करत नाहीत, फूल देठापासून गळतं. खत कमी पडलं म्हणून नाही, पाणी कमी पडलं म्हणून नाही. मुंबईत टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री फुलांना मिळतात. ह्या वर्षी ती वेळ गेली, म्हणून बी आणू नका, नर्सरीतून तयार रोप आणा, वीतभर उंच, जाड खोडाचं, शक्यतो अजून फुलं न आलेलं. दोनच रोपं, जास्त नको. आणि अकराव्या मजल्यावर मधमाशा फारशा फिरकत नाहीत, तेव्हा फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारायची, रोज. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हलवणारं कोणीतरी लागतं. खेड्यात वारा आणि माश्या करतात, तुमच्याकडे नातू करेल.

कोथिंबिरीचं कारण वेगळं असणार. एक तर धणे अख्खे टाकले असतील. धण्यात दोन बिया असतात, ते लाटण्याने किंवा चपलेच्या तळाने हलकं रगडून दोन भाग करायचे, पीठ नाही करायचं, मग रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरायचे. दुसरं म्हणजे ती उगवायला आठ-दहा दिवस घेते, कधी पंधरा, आणि तेवढे दिवस वरची माती एकदा जरी कडकडीत वाळली तरी कोंब आतच मरतो. ओलं गोणपाट किंवा जुनं सुती कापड वर टाकून ठेवा आणि कोंब दिसला की लगेच काढा. किराणातले धणे चालतात पण जुने, वास गेलेले नको. ती मुळासकट दुसरीकडे हलवायची पण नाही, जिथे पेराल तिथेच वाढू द्या.

मेथीचा प्रश्न कबुतरांचा. भाजीवाल्याकडची जाळीदार प्लास्टिकची टोपली उलटी घालून ठेवा तीन इंच वाढ होईपर्यंत, किंवा कुंडीत बांबूच्या बारीक काड्या टोकं वर करून दाट खोचा, कबुतराला बसायला जागा राहिली नाही की ते दुसरीकडे जातं. पूर्ण बाल्कनीला नेट लावायचा खर्च ह्या वर्षी करू नका.

मेथीवरून आठवलं. आपल्या मुंबईच्या बाजारात ती समुद्रमेथी मिळते ना, एवढुशा जुड्या, पांढरे देठ, दोन-दोन पानं, मुळांना रेती लागलेली. ती काही वेगळी जात नाही, आपली नेहमीचीच मेथी, समुद्राकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरून दहा-पंधरा दिवसात मुळासकट उपटतात एवढंच. ही तुम्ही पहिली करा. उथळ ट्रे घ्या, खाली दोन इंच माती, वर इंचभर रेती, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पसरा, वर परत पातळ रेती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. सात वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसात बेसन लावलेली मेथी ताटात मिळाली की पुढच्या तीन महिन्यांची हमी झाली. मोठी मेथी दुसऱ्या बॉक्समध्ये पेरा, ती महिन्याभरात येते. आणि सगळी एकदम पेरू नका, दर दहा दिवसांनी एक बॉक्स, नाहीतर एका आठवड्यात पाच वेळा मेथी आणि मग महिनाभर काहीच नाही असं होतं.

दुसरी गोष्ट जी मला तुमच्याकडून करून घ्यायचीच आहे ती हरभरा. टोमॅटोच्या मागे सगळे धावतात पण थंडीच्या बाल्कनीत हरभऱ्याइतकं आनंद देणारं काही नाही, आणि खर्च शून्य. घरातलाच गावठी तपकिरी हरभरा मूठभर रात्री भिजवा, सकाळी बादलीभर मातीत दीड इंच खोल, चार-चार बोटांवर टोचा. भरपूर ऊन द्या आणि पाणी हात राखून, हरभऱ्याला ओल जास्त झाली की मूळ कुजतं. महिन्याभरात झाड वीतभर झालं की शेंडे खुडायचे. खुडले की खालून फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि फुलं जास्त येतात, म्हणून गावाकडे शेंडे खुडतातच आणि त्याचीच भाजी करतात, लसणाची फोडणी देऊन, बाजरीच्या भाकरीबरोबर. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्यातून आंब पाझरते, सकाळी पानावरून बोट फिरवून चाटलं की आंबट लागतं. नातवाला हे करून दाखवा, शाळेत जाऊन सगळ्यांना सांगेल. फेब्रुवारीत चार घाटे पण धरतील, भाजीपुरते नाही पण सोलून तोंडात टाकायला पुरतील.

तारखा भोगीवरून उलट्या मोजा, मी तसंच करते. भोगी जानेवारीत 13 तारखेच्या आसपास येते. हरभरा, मोठी मेथी, पालक, मुळा हे नोव्हेंबर संपायच्या आत पेरलंत की भोगीच्या भाजीत तुमच्या घरचा हरभऱ्याचा पाला, मेथीची जुडी आणि एखादा कोवळा मुळा असेल. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचा, महिन्याभरात पात कापायला येते, कापली की परत येते दोन-तीनदा. कोंब आलेले कांदे टाकू नका, तेही खोचा. वांगी, गाजर, बोरं, पावटा बाजारातून आणायचे, सगळंच घरचं व्हायला चार फुटात जागा नाही. वालाचा वेल चढवायचा मोह होईल पण ह्या वर्षी नको, तो जागा आणि ऊन दोन्ही खातो आणि त्याच्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हमखास येतो.

कुंड्यांवर पैसे घालवू नका. मासळी बाजारात थर्माकोलचे बॉक्स असतात, कोळणीला विचारलं तर एखादा असाच पण देईल, घरी आणून साबणाने दोनदा धुवा, उन्हात ठेवा, खाली पाच-सहा भोकं पाडा. हलके असतात आणि पालेभाजीला पुरेसे खोल. टोमॅटो, मिरचीला रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, रंगकाम चालू असेल तिथे मागा, स्वच्छ घासून घ्या. पैसे मातीवर घाला. नर्सरीत पोत्यात लाल माती देतात ती नुसती वापरली की महिन्यात विटेसारखी होते आणि वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली तर तीस किलोच्या घरात जाते, अकराव्या मजल्याच्या बाल्कनीवर तो भार कशाला. एक भाग माती, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि प्रत्येक बादलीत मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी एकदा फेकून द्या आणि परत धुवा, त्यात कधीकधी खारटपणा असतो. तळाला नारळाच्या शेंड्या घाला, पाणी धरून ठेवतात आणि माती खाली वाहून जाऊ देत नाहीत.

पुढच्या वर्षीची माती आत्तापासून बनवायला लागा. झाकणाच्या एका डब्यात सुकी पानं आणि भाजीची सालं थरावर थर, बस. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास असंच सुरू केलं होतं, किचनमधला रोजचा ओला कचरा गच्चीवरच जिरवायचा आणि त्यातूनच भाजी आणि फळं काढायची, आणि ते भर गोदीत, सिमेंटच्या स्लॅबवर झालं. तिथे होतं तर मुलुंडला होईल. फक्त सालं थेट कुंडीत टाकू नका, चिलटं होतात आणि मग सून म्हणेल ते बरोबर ठरेल.

आता खालच्या मजल्यावरची तक्रार. ती मनावर घ्या ताई, कारण अशा एका तक्रारीवर सोसायटी सगळ्यांच्याच कुंड्या बंद करते, मी बघितलंय. एकही कुंडी कठड्याच्या किंवा ग्रिलच्या बाहेर नको, वरून पडली तर खाली माणूस आहे, ह्याच्यात दुसरा विचार नाही. प्रत्येक बादलीखाली ट्रे, आणि ट्रेच्या खाली दोन विटा म्हणजे लादी पुसता येते. पाणी सकाळी, मगाने, हळूहळू. आधी बोट एक इंच मातीत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी नाही. थंडीत मुंबईची हवा कोरडी होते त्यामुळे वरचा थर पटकन वाळतो आणि आपण घाबरून पाणी ओततो पण आत ओल असते, गळती तिथूनच सुरू होते. वर सुक्या पानांचा थर द्या, पाणी निम्मं लागेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते, धूळ. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, बांधकामांची धूळ आणि धूर खालीच राहतो, आपण खोकतो आणि पानांवर राखेसारखा थर बसतो. त्या थराखाली पानाला ऊन पोचत नाही. आठवड्यातून एकदा सकाळी स्प्रेच्या बाटलीने पानं वरून आणि खालून धुवा, संध्याकाळी नको, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते. ह्या धुण्यानेच मावा पण बराचसा जातो. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात एक चमचा निंबोळी तेल आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, ऊन उतरल्यावर फवारा, आणि ते फवारल्यावर आठवडाभर ती भाजी खुडू नका. भाजी खाण्याआधी नीट धुवा, घरची आहे म्हणून तशीच तोंडात टाकायची नाही. मगाशी हरभऱ्याचं सांगितलं ते पण पानं धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि फवारा मारलेला नसेल तरच.

आणि तुळस. चाळीतून आणलीत असं लिहिलंयत, म्हणजे ती फक्त झाड नाही हे समजतंय मला. ती थंडीने वाळत नाहीये बहुतेक. तुळशीला ह्या दिवसात मंजिऱ्या येतात, बी तयार झालं की झाड आपलं काम संपलं असं समजून पानं टाकायला लागतं, आणि तुमची दोन वर्षांहून जुनी आहे म्हणजे खोड लाकडासारखं झालं असणार. सगळ्या मंजिऱ्या काढा, वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत छाटा, मूठभर गांडूळखत द्या, दुपारचं ऊन लागेल अशी ठेवा आणि पाणी रोज देता तसं न देता माती वाळली की द्या. पूजेचं पाणी रोज थोडं थोडं घालून घालून बऱ्याच तुळशी मुळाशी कुजतात, ते थेंबभरच घाला आणि बाकीचं दुसऱ्या कुंडीत. पण ती सावरेल याची खात्री मी देऊ शकत नाही, म्हणून आजच वाळलेली मंजिरी तळहातावर चोळा, काळे बारीक दाणे निघतील, ते एका छोट्या कुंडीत मातीवर भुरभुरवा, वरून फक्त चिमूटभर माती. दहा-बारा दिवसात रोपं दिसतील. आणि एक कोवळी फांदी, मंजिरी नसलेली, पाण्याच्या ग्लासात ठेवा, ती पण दोन आठवड्यात मुळं धरते. म्हणजे लालबागची तुळस घरात राहील, मूळ झाड राहो न राहो.

जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याला राणीच्या बागेत महापालिकेचं झाडांचं-फुलांचं प्रदर्शन भरतं, नातवाला आणि सुनेला दोघांनाही घेऊन जा. रोपं, बिया, खतं सगळं एका जागी बघायला मिळतं, विचारायला माणसं असतात. पण तिथून घरी पोत्याने सामान आणू नका, तेव्हा हंगाम उतरायला लागलेला असतो. फेब्रुवारी लागला की बॉक्स एकेक करून कठड्याकडे सरकवत चला, ऊन तिकडे सरकत असतं. मेथी-कोथिंबिरीचा शेवटचा बॉक्स महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेरा, त्यानंतर नाही. एखादी कोथिंबीर फुलावर जाऊ द्या, तिचे धणे पुढच्या वर्षीला होतील. मार्चला माती एका मोठ्या पिशवीत काढून त्यात खत मिसळून झाकून ठेवा, तेव्हा बागेला आराम द्यायचा, सुनेला सांगा की आराम आपल्याकडे पण असतो, फक्त उन्हाळ्यात असतो.

आणि घरात नवीन कालनिर्णय आलं की आधी ऑक्टोबरचं पान काढा, पहिल्या रविवारच्या चौकोनात पेनाने लिहून ठेवा, टोमॅटोचं बी.